हौशी वाहनदुरुस्तीचे शास्त्र : जालना संप्रदाय

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी ही चार अंगे सांगण्याची परंपरा असून तिला अनुबंधचतुष्टय असे म्हणतात. हौशी वाहनदुरुस्तीचे शास्त्र आजवर केवळ मौखिक परंपरेने चालत आले असल्यामुळे ते प्रथमच लेखनिविष्ट करताना ही शिस्त पाळणे अगत्याचे आहे. या शास्त्राचा विषय म्हणजे दोन गावांच्या मधोमध बंद पडलेली चारचाकी, प्रयोजन म्हणजे ती पुढच्या गावापर्यंत नेणे आणि संबंध म्हणजे तुटलेला भाग व हाताशी असलेली वस्तू यांच्यात जुळणारे असे नाते, की जे गाडी बनवणाऱ्या कारखान्याच्या स्वप्नातही आले नव्हते. अधिकारी कोण, हा प्रश्न सर्वांत सोपा आहे, कारण ज्याने विहिरीतली मोटार एकदा वर काढून पुन्हा खाली सोडली आहे किंवा ज्याच्या मेव्हण्याचे गॅरेज आहे, अशा कोणालाही बोनट उघडण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होतो.

हा संप्रदाय मराठवाड्यात सर्वत्र आढळतो. तथापि १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेल्या जालना जिल्ह्यात त्याला लाभलेली अनुकूलता विशेष आहे. उत्तरेला भोकरदन-जाफराबाद आणि दक्षिणेला अंबड-घनसावंगी यांच्यातले अंतर, चाळीस अंशांवर जाणारा वैशाखातला पारा आणि लग्नसराईत एकाच जीपमध्ये बसणारी वऱ्हाडी मंडळी या तिन्ही गोष्टी शास्त्राला रुग्णांचा अखंड पुरवठा करतात. औषधांचीही वाण नाही. जालना शहर लोखंडी सळयांसाठी प्रसिद्ध असल्याने जिथे सळई तिथे ती बांधण्याची काळी, मऊ बाइंडिंग तार हजर असते, मोसंबीच्या बागांमुळे ठिबक सिंचनाची नळी बांधाबांधावर सापडते आणि ट्रॅक्टरच्या फाटक्या ट्यूबपासून कापलेली रबरी पट्टी तर सायकलच्या कॅरिअरपासून फवारणी पंपापर्यंत सर्वत्र गुंडाळलेली असते. तार, नळी आणि पट्टी ही या शास्त्राची त्रयी होय. चौथे द्रव्य एम-सील हे उत्तरकालीन असून सनातनी मंडळी अजूनही त्याच्याकडे बाटगे म्हणून पाहतात.

निदान

गाडी थांबल्यापासून चहाचा एक घोट पोटात जाईपर्यंत तिच्याभोवती निदानसभा भरते. सभेचा पहिला प्रश्न ‘डिझेल हाय का?’ हा असतो आणि मालकाला तो अपमानास्पद वाटला, तरी शास्त्रदृष्ट्या तोच सर्वांत सयुक्तिक आहे, कारण इंजिनाला इंधन, हवा आणि पेट्रोलच्या गाडीत ठिणगी यांपैकी जे मिळत नसेल, तिथूनच शोध सुरू करावा लागतो. त्यातही डिझेलची टाकी पूर्ण रिकामी झाली असेल, तर नुसते डिझेल ओतून काम भागत नाही. नळीत शिरलेली हवा पंपाला दाबता येते, पण पुढे ढकलता येत नाही, म्हणून जुन्या जीपमध्ये फिल्टरजवळचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहावे लागते आणि बुडबुडे संपून निर्भेळ डिझेल बाहेर येऊ लागले की स्क्रू आवळावा लागतो. या क्रियेला ‘हवा काढणे’ म्हणतात. हवा काढत असताना सभेतील ज्येष्ठांनी आपापल्या काळातील अधिक कठीण प्रसंग सांगावेत, असा संकेत आहे.

उपचार

प्रथम रेडिएटर. इंजिनातील तापलेले पाणी थंड करणारी ही बारीक नळ्यांची जाळी गळू लागली, तर तिच्यात मूठभर हळद टाकावी, असे हा संप्रदाय सांगतो. हा उपाय अंधश्रद्धेचा नाही. हळदीचे कण पाण्यात फुगतात आणि पाण्याच्या ओढीने छिद्राकडे जाऊन तिथे अडकतात. मात्र गळकी नळी आणि धडधाकट नळी यांत भेद करण्याचा विवेक हळदीपाशी नसल्यामुळे मात्रा वाढली की जाळी आतून बुजते आणि गळत नसलेली गाडी अधिक तापते. झाकणासंबंधीचा नियम मात्र विनोदाच्या बाहेरचा आहे. रेडिएटरचे झाकण आतला दाब राखते, त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. गरम असताना झाकण उघडले, तर दाब क्षणात सुटतो आणि तेच पाणी उकळत तोंडावर येते. म्हणून झाकण उघडण्यापूर्वी चहा घ्यावा, तो सावकाश घ्यावा आणि शक्य झाल्यास दुसराही मागवावा.

द्वितीय टाकी. पेट्रोलची टाकी दगड लागून चिरली, तर कपडे धुण्याच्या साबणाची कोरडी वडी त्या चिरेवर घासून दाबावी. साबण पाण्यात विरघळत असला, तरी पेट्रोलमध्ये विरघळत नाही, एवढ्या एका रसायनतत्त्वावर या शास्त्राची निम्मी प्रतिष्ठा उभी आहे. उपचार चालू असताना निदानसभेतील विडी ओढणाऱ्या सदस्यांना सन्मानपूर्वक पुढच्या बाभळीखाली बसवावे.

तृतीय सेल्फ. इंजिनाला पहिला फेरा देणाऱ्या विजेच्या मोटारीला गॅरेजच्या भाषेत सेल्फ म्हणतात. चावी फिरवल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज आला, तर एकाने चावी धरावी आणि दुसऱ्याने गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करून सेल्फच्या अंगावर पान्याने हलके ठोके द्यावेत. मोटारीतील कोळशाचे ब्रश झिजल्याने अडकलेले असतात, ते हादऱ्याने जागचे हलून पुन्हा टेकतात आणि गाडी सुरू होते. ठोकणाऱ्याची कीर्ती या एका प्रयोगाने पंचक्रोशीत पसरते, ब्रश मात्र झिजलेलेच राहतात. बॅटरीच उतरली असेल, तर धक्का हा राजमार्ग होय. दुसरा गिअर टाकून क्लच दाबून ठेवावा आणि गाडीने वेग घेतल्यावर तो सोडावा, म्हणजे चाके उलट इंजिनाला फिरवतात. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत चाकांचा हा अधिकार इंजिन मानत नाही, त्यामुळे तिला गावाने मिळून अंबड चौफुलीपर्यंत ढकलले, तरी ती फक्त अंबड चौफुलीपर्यंत पोहोचते, सुरू होत नाही.

चतुर्थ पट्टा आणि केबल. पंखा, पाण्याचा पंप आणि बॅटरी भरणारा अल्टरनेटर यांना फिरवणारा पट्टा तुटला, तर नायलॉनची दोरी किंवा ट्यूबची पट्टी पुल्यांवरून ताणून बांधतात. गाठ जितकी बारीक तितका उपाय दीर्घायुषी. एक्सलरेटरची केबल तुटल्यास सुतळीचे एक टोक इंजिनाला आणि दुसरे शेजारी बसलेल्या पाहुण्याच्या बोटाला बांधण्याची पद्धत आहे. या व्यवस्थेत गाडी दोघे मिळून चालवतात आणि ‘सोडा, दाजी, सोडा!’ ही आरोळी ब्रेकच्या आधी यावी लागते, म्हणून पाहुणा निवडताना त्याच्या श्रवणशक्तीची परीक्षा घ्यावी.

पंचम फ्यूज. विजेचा प्रवाह मर्यादेबाहेर गेला की स्वतः वितळून बाकीच्या वायरी वाचवणारी ही बारीक तार होय. तिच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली, की दिवे लागतात. वितळण्याचे काम मात्र आता वायरींवर येते, आणि वायरी ते काम सीटखाली, गालिच्याखाली, कोणाच्याही नकळत करतात. संप्रदायातील विचारी मंडळींनी हा प्रयोग बहिष्कृत केला आहे.

लुप्त झालेल्या विद्यांपैकी ओल्या फडक्याची विद्या उल्लेखनीय आहे. अँबॅसिडर आणि प्रीमिअर पद्मिनी या गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटून असे. भर उन्हात नळीतल्या पेट्रोलची वाफ होई आणि द्रव ओढण्यासाठी बनलेल्या पंपाला वाफ ओढता येत नसे. मग पंपावर ओले फडके टाकून वाफेचे पुन्हा पेट्रोल होईपर्यंत थांबावे लागे. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत पंप टाकीतच बुडालेला असतो आणि बोनटखाली संगणक बसलेला असतो. तरीही निष्ठावंत अनुयायी फडके ओले करतातच, आणि त्यातून गळलेले पाणी संगणकाच्या जोडणीत शिरून नव्या विद्येला जन्म देते.

अपवाद

या शास्त्राची मर्यादा कायद्याने आणि भौतिकशास्त्राने मिळून आखली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. उत्तरेकडे पाण्याच्या पंपाचे इंजिन लाकडी गाड्यावर बसवून ‘जुगाड’ नावाचे वाहन चालवत, तेही मोटार वाहनच असून त्याला हाच कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. भौतिकशास्त्र त्याहून कडक आहे. ज्या बाइंडिंग तारेने लोंबता सायलेन्सर मंठ्याच्या रस्त्यावर ताशी चाळीसच्या वेगाने वर्षभर सांभाळला, ती तार जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या वेगाने तेच करील, अशी अपेक्षा धरता येत नाही. ठिबकची नळीही थंड पाण्यासाठी बनलेली असते. रेडिएटरचे तापलेले पाणी तिच्यातून सोडले की ती मऊ पडते आणि आपल्या मूळ स्वभावानुसार थेंब थेंब पाणी देऊ लागते.

या शास्त्रातला खरा दोष अज्ञानाचा नाही. हळद, साबण आणि पान्याचा ठोका यांमागची समज पक्की आहे आणि ती निर्जन रस्त्यावर माणसांना घरी पोहोचवते. दोष आहे तो उपाय लागू पडल्यानंतरच्या समाधानाचा. तार बांधून गाडी गावात आली की ती गॅरेजसमोरूनच घरी जाते, ‘चालू हाय ना, मग राहू द्या’ या निर्णयावर कुटुंबाचे एकमत होते आणि एका संध्याकाळपुरती बांधलेली तार गाडीबरोबर विकली जाते.

फलश्रुती

जो या शास्त्राचे श्रद्धेने पठण करील, त्याची गाडी पुढच्या गावापर्यंत जाईल; त्यापुढचे फळ हे शास्त्र देत नाही. ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर यांच्यासाठी त्यात एकही प्रयोग सांगितलेला नाही व कोणी सांगितल्यास तो प्रक्षिप्त समजावा. उरलेल्या सर्व प्रयोगांना एकच पथ्य आहे : तार बांधणाऱ्याने ती सोडण्याची तारीख त्याच वेळी ठरवावी आणि त्या तारखेला गाडी मेस्त्रीच्या दारात उभी करावी.