हप्त्यांची पदवी

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि शिक्षणाचा खर्च सरकारी तिजोरीतून उठून पालकांच्या सातबाऱ्यावर येऊन बसला. २००१ मध्ये भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेने त्याला शैक्षणिक कर्जाचे रीतसर रूप दिले. तिच्यानुसार ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार पुरतो. त्यापुढे घर, जमीन किंवा ठेव हवी. म्हणजे घर असलेल्याला मोठे शिक्षण आणि नसलेल्याला गुणवत्तेबद्दल अभिनंदन.

अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभर हप्ता मागितला जात नाही. या सवलतीच्या काळात व्याजाची हजेरी मात्र शंभर टक्के असते. पुढे ते मुद्दलात प्रवेश घेते, तोही प्रवेशपरीक्षेविना. नोकरी लागल्यास प्राप्तिकर कायदा व्याजाची वजावट ८ वर्षे देतो, पण जुनी करप्रणाली निवडली तर, आणि अर्थातच पगार करपात्र असेल तर. ज्याचा पगार तेवढा नाही, त्याला वजावटीची गरज नसावी, असा कायद्याचा समज दिसतो. नोकरीच न लागल्यास सहकर्जदार आहेच: बहुधा निवृत्तीला आलेले वडील.