भविष्यकाळ चालू आहे

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. तरीही त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूलकडच्या पोरांचं घोडं भविष्यकाळाच्या चार प्रकारांपाशी अडतं, अशी ओरड असते. गुरुजी, उदाहरणं चुकीची देता हो! या तालुक्यात पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात हंडे घेऊन पायपीट. व्याकरणाला याहून सुपीक जमीन कुठली?

‘विल गिव्ह’ : नळ देऊ. हे प्रचारसभेत. ‘विल बी गिव्हिंग’ : देत असू. हे निविदा निघाल्यावर. ‘विल हॅव गिव्हन’ला मुदत लागते : अमुक सालापर्यंत दिलेला असेल. जलजीवन मिशन २०१९ला सुरू झालं तेव्हा घरोघरी नळाची मुदत २०२४ होती; २०२५च्या अर्थसंकल्पात ती २०२८ झाली. काळ तोच, फक्त साल बदललं. आता सर्वांत अवघड ‘विल हॅव बीन गिव्हिंग’ : २०२८पर्यंत आपण नऊ वर्षं नळ देतच आलेलो असू. समजलं?

तेव्हा गुरुजी, भविष्यकाळ खुशाल शिकवा. ‘दिला’ हा भूतकाळ मात्र तोटीतून पाणी पडल्याशिवाय फळ्यावर लिहू नका.