साऱ्या गल्लीचे आण्णा

परभणीत बिनआण्णांची गल्ली शोधून सापडायची नाही. कुठे त्यांना बापू म्हणतात, कुठे मामू, माणूस तोच. सकाळी बनियनवर ओट्यावर बसलेला, हातात पेपर, नजर रस्त्यावर. "काय करायलास रे?" हा त्यांचा रामराम. उत्तर काहीही द्या, पुढचा प्रश्न ठरलेला: "अन् अभ्यास?" बँकेत चिकटलेल्या, दोन लेकरांच्या बापालाही ते हेच विचारतात. आणि तोही मान खाली घालून "चालूय" म्हणतो!

आमच्या आण्णांचा जन्म १९७२चा. त्याच साली परभणीला कृषी विद्यापीठ आलं आणि मराठवाड्यात दुष्काळ पडला. पहिल्याचा अभिमान ते स्वतःच्या कर्तृत्वासारखा मिरवतात. दुसऱ्यापायी कुणाच्याही ताटात उरलेला भाकरीचा तुकडा त्यांना खपत नाही.

सदऱ्याच्या खिशात पेन, चष्मा आणि दुसऱ्यांच्या लेकरांचे पासपोर्ट फोटो. कुणाचा बाप ऊसतोडीला गेलेला, कुणाचा वारलेला, कुणाचा घरातच, पण फॉर्म बघून घाम फुटणारा. मग आण्णा निघतात. एका वसतिगृहात कारकुनानं अडवलं: "पोरगं शेख, तुम्ही देशमुख. नातं काय लिहू?"

"शेजारी."

"शेजारी चालत नाही."

"मग मामा लिहा. त्याच्या मायचा भाऊ व्हायला तुमची सही लागत नाही ना?"

समोर मात्र कौतुकाचा शब्द काढतील तर शपथ. गल्लीतली एक पोरगी शिकायला जर्मनीला निघाली. मुंबईला जायला तिला देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसवताना आण्णा एवढंच म्हणाले, "कानाला बांधत जा. लई शहाणपणा करू नको." गाडी हलली तसे तडक चहाच्या टपरीवर: "जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात ना? आता दोन्हीकडं आपलीच माणसं!" सगळ्यांच्या चहाचे पैसेही त्यांनीच दिले.

त्यांचा स्वतःचा मुलगा पुण्यात असतो. त्याच्याशी फोनवर बोलणं म्हणजे "हं... हं... जेवलास का? ठेव." मागच्या महिन्यात मुलगा सहज बोलून गेला, की रात्री उशिरा आलो म्हणून मेसवाले काका लई रागावले, अन् ताप आला तर दवाखान्यातही तेच घेऊन गेले.

आण्णांनी फोन ठेवला आणि ओट्यावर येरझारा सुरू केल्या. "कोण कुठला मेसवाला! आमच्या लेकराला रागावणारा हा कोण?" असं म्हणता म्हणता त्यांनी समोरून सायकलवर चाललेल्या शेजारच्या पोराचं हँडल धरलं.

"काय रे, क्लास सुटून अर्धा तास झाला. होतास कुठं?"