मंद, पण सविस्तर

अण्णांच्या अंगाला वास येत नाही, आणि त्यासाठी त्यांनी बरेच पैसे मोजलेले आहेत.

त्यांचे वडील कानात हिन्याचा फाया ठेवत. ते रायपूरच्या तात्यापारा चौकात पोचले की घरी चहाचं आधण पडायचं, इतका तो वास पुढे चालत यायचा. अण्णांना हे ग्राम्य वाटतं. ते ‘तेर द’एर्मेस’वाले. ज्याँ-क्लोद एलेनानं ते परफ्यूम 2006 साली घडवलं, हे ते आपण ओळख विचारायच्या आत सांगतात. आधी संत्रं, मग मिरी, मग गारगोटी घासल्यावर येतो तसा काहीतरी, आणि तळाशी वाळा. कशाचाही आवाज चढलेला नाही. चढतो तो अण्णांचा. कारण सुगंध इतका मंद, की त्याच्यासोबत निवेदक लागतो.

रायपूरचा मे महिना म्हणजे पारा 44 च्या आसपास. बाकीचं शहर अशा वेळी डिओचा अर्धा डबा अंगावर रिकामा करतं. अण्णा मात्र मानेवर एकदा, मनगटावर एकदा फवारून थांबतात. मनगटं एकमेकांवर घासायची नाहीत, हा त्यांच्याकडचा सोवळ्याचा नियम. मग पंख्याखाली डोळे मिटून उभे राहतात. पण तोच वास सतत आला की नाक थोड्या वेळानं त्याची दखल घेणं सोडून देतं, हा निसर्ग आहे. अर्ध्या तासात अण्णांनाही काही येईनासं होतं, आणि साक्षीला काकूंना स्वयंपाकघरातून बोलावणं जातं.

“कूलरला नवी खस लावली की असाच येतो की हो,” काकू म्हणतात.

“अगं, वाळा असेल. पण कूलरला तोल आहे का?”

चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या आरतीला त्यांच्या शेजारी उभं राहू नये. कापूर पेटला की ते कासावीस होतात आणि ‘सुखकर्ता’ संपायच्या आत 1966 सालात शिरतात: एदमों रुदनित्स्का, डिऑरचं ‘ओ सोवाज’, आणि त्यातलं हेडिओन. मोगऱ्या-चमेलीच्या कुळातलं हे रसायन त्या लिंबाळ वासाला कशी हवा देतं, हे आपल्याला प्रसादाच्या रांगेत कळतं. खरं सांगायचं तर माणूस चुकीचं बोलत नाही. गोलबाजारातलं अत्तर आल्या आल्या सगळं बोलून टाकतं. अण्णांचं मात्र सकाळी आंबटगोड असतं, आणि दुपारी सदऱ्याच्या कॉलरला नाक नेलं, तर कोरड्या लाकडासारखं लागतं. फक्त अण्णांच्या कॉलरला नाक नेणार कोण?

यंदा कुणीतरी नेलं. म्हणजे नेलंही नाही; मंडळाच्या जिन्यात दोन पायऱ्या खालून एक वहिनी सहज म्हणाल्या, “अय्या, अण्णा, काय छान वास येतोय हो तुमचा!”

इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली, ते आलं. अण्णांचा चेहरा उतरला. घरी आल्यावर त्यांनी सदरा धुवायला टाकला, बाटली उजेडात धरून पाहिली आणि काकूंना विचारलं, “दोन पायऱ्या खालून म्हणजे जास्तच झालं ना गं?”

दुसऱ्या दिवसापासून मनगटावरचा फवारा बंद आहे. निवेदन तेवढं लांबलंय.