वूफरचं तोंड

पुण्यात फ्लॅट बघताना दार कुठल्या दिशेला ते विचारतात, आणि गाडीत वूफर बसवताना त्याचं तोंड. भाच्याने हॅचबॅकच्या डिकीत बारा इंची वूफर घालायचं ठरवलं, तेव्हा नाना पेठेतला फिटर म्हणाला, "तोंड मागं. डिकीच्या दारावर आपटून बेस पुढं येतो." भाच्याचा मित्र म्हणाला, पुढे. मेव्हण्यांनी वर सुचवलं, कारण बाकीच्या दिशा इतरांनी आधीच घेतल्या होत्या.

पहिल्या मजल्यावर राहणारे, फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले सर पार्किंगमध्ये उतरले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. अशा वेळी बोलवावं लागत नाही. "आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. 40 हर्ट्झचा सूर घेतला तर एकेक लाट साडेआठ मीटर लांब. तुमची गाडी चार मीटरसुद्धा नाही!" चार मीटरच्या आत राहिलं की कर कमी लागतो, म्हणून कंपन्या गाडीची शेपटी छाटतात, लाटेला तसली सवलत नाही. एवढ्या लांब लाटेपुढे बारा इंची तोंड म्हणजे काहीच नाही. ती सगळीकडे पसरते. गणपतीत आपण बोळात असतो तेव्हा लक्ष्मी रोडवरचा ढोल पोटात आधी घुमतो, ताशा कोपरा वळल्यावरच तडतडतो, तसं.

"म्हणजे तोंड कुठंही?" फिटरचा चेहरा पडला. पण सरांनी त्यालाच पास केलं. फरक पडतो तो अंतरामुळे. वूफरचा कोन, म्हणजे हवा ढकलणारा शंकूसारखा पडदा, मागच्या दाराला चिकटून असला की दारावरून परतलेली लाट मूळ लाटेच्या पावलात पाऊल टाकते. तोच पुढे तोंड करून दूर गेला, तर परतलेली लाट उशिरा पोचते आणि वरच्या बेसमधला एखादा सूर खाऊन टाकते. सेडानचं गणित वेगळं, तिथे डिकी आणि माणसं यांच्यामध्ये सीट आडवी येते. वर तोंड केलं तर कोन स्वतःच्या वजनाने लोंबतो, अशी भीती घालतात. 30 हर्ट्झला घुमणाऱ्या वूफरचा कोन जेमतेम पाव मिलिमीटर झुकतो. खरा धोका मंडईतून आणलेल्या नारळांच्या पिशवीचा. ती आमच्याकडे डिकीत दिसेल त्या सपाट जागेवर ठेवतात. मेव्हणे गप्प झाले.

वूफर मागे तोंड करून बसला. गाणं लागलं आणि बेसआधी नंबरप्लेट वाजली. फिटरने दारावर तळवा टेकवला, डोळे मिटले, मग प्लेटमागे फोमचा तुकडा सारला. प्लेट थांबली, आता स्टेपनीच्या खड्ड्यातला जॅक ऐकू यायला लागला. तो फडक्यात गुंडाळला, तर मागच्या काचेजवळचा ट्रे बोलू लागला. गाडीत इतके सुटे भाग आहेत हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही. खरं तर वूफरच्या तोंडावर जेवढी डोकेफोड झाली, त्याच्या निम्मी या ट्रेवर झाली असती तर संध्याकाळ वाचली असती.

जाताना सर म्हणाले, "आणखी एक. तुम्ही तोंड कुठेही केलंत तरी माझ्या बेडरूममध्ये बेस सारखाच येणार. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. नियम 2000 सालचा आहे."

भाचा अदबीने म्हणाला, "सर, मग गाणं तुमच्या आवडीचं लावतो. कुठलं लावू?"