पायथॉनमध्ये लिहिलेला जावा

ज्यानं उभं करिअर जावात काढलं, त्याला पायथॉन शिकायला एक वीकेंड पुरतो, असं त्याचं स्वतःचं मत असतं. क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स ही मंडळी ओळखीचीच. राहता राहिले सेमीकोलन, तेही इथे लागत नाहीत.

सोमवारी साहेब कोड दाखवतात. क्लासगणिक एक फाइल, प्रत्येक व्हेरिएबलला गेटर आणि सेटर, जे आलेलं मूल्य जसंच्या तसं ठेवतात आणि परत देतात. दोन आकड्यांच्या बेरजेसाठीही कॅल्क्युलेटर नावाचा क्लास, आणि तो बनवायला एक फॅक्टरी. फंक्शन क्लासबाहेर मोकळं लिहिता येतं असं सांगितलं, की चेहरा असा होतो, जणू पाहुण्यांसमोर कुणी बनियनवर आलंय.

खरी पंचाईत प्रायव्हेटची. जावात कंपायलर दारातच हटकतो. पायथॉनमध्ये नावाआधी एक अंडरस्कोअर, म्हणजे कृपया हात लावू नये. लावलाच तर कुणी अडवत नाही. दोन दिले तर नाव आतल्या आत बदलतं, पण शोधणाऱ्याला सापडतंच. साहेबांच्या लेखी हे ऑब्जेक्ट ओरिएंटेडच नव्हे. गंमत म्हणजे पायथॉनमध्ये साधा पाच हा आकडासुद्धा ऑब्जेक्ट असतो. जावातला इंट नसतो. (स्मॉलटॉक भाषेवाले आकड्यांना १९७०च्या दशकापासून ऑब्जेक्ट मानत आलेत, पण त्यांना विचारतं कोण?)

सध्या साहेबांनी गो शिकायला घेतलंय. त्यात क्लासच नाहीत. इनहेरिटन्स कुठे दडवलाय, ते शोधताहेत.