एकशे दहा टक्के

भारताच्या औषध महानियंत्रकांनी ३ जानेवारी २०२१ रोजी करोनाच्या दोन लशींना परवानगी दिली आणि या लशी ११० टक्के सुरक्षित आहेत, असं सांगितलं. नाशिककर इथेच बिचकला. शंभर टक्के म्हटलं असतं तर त्याने एकवेळ मानलं असतं. पण सराफ बाजारात एखादा चोवीसच्या वरचं कॅरेट सांगू लागला, की गिऱ्हाईक काही न बोलता पायात चप्पल सरकवतं. वरचे दहा टक्के कुठून आले, हे महानियंत्रकांनी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

त्याच सुमारास पुण्याच्या सीरमच्या प्रमुखांनी एका मुलाखतीत सांगितलं, की परिणामकारकता सिद्ध झालेल्या लशी जगात तीनच, बाकीच्या पाण्यासारख्या सुरक्षित. हे पाणी हैदराबादच्या भारत बायोटेकच्या प्रमुखांना झोंबलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी पत्रकारांना बोलावून संताप व्यक्त केला. मग दोघांनाही साक्षात्कार झाला असावा, कारण दोन्ही कंपन्यांनी मिळून एक निवेदन काढलं आणि आपलं सगळं लक्ष आता जीव वाचवण्याकडे आहे असं कळवलं. कांद्याच्या लिलावातही व्यापारी इतक्या लवकर समेट करत नाहीत.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. जानेवारीत भारत बायोटेकच्या कोव्हॅक्सिनबद्दल जो माणूस ‘थांबा, आकडे येऊ द्या’ म्हणत होता, तो अडाणी नव्हता. तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू होती, २५,८०० स्वयंसेवकांवर. निकाल यायचा होता. तरीही ‘क्लिनिकल ट्रायल मोड’ नावाच्या एका अद्भुत अवस्थेत परवानगी मिळाली. म्हणजे लस देणार लस म्हणून, पण सही घेणार संमतिपत्रावर. पंतप्रधानांनी ती १ मार्चला टोचून घेतली आणि ८१ टक्के परिणामकारकतेचा पहिला अंतरिम आकडा ३ मार्चला आला. श्रद्धा दोन दिवस आधी पोहोचली, विज्ञान मागून चालत आलं. हा क्रम ज्यांना खटकला त्यांना ‘देशद्रोही’ ठरवण्याची घाई झाली, आणि शंका कुठे मुरते ते ठाऊक असलेल्या कुणाही शहाण्याने केली नसती ती चूक सरकारने केली: प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी टक्केवारी वाढवली.

पण थांबा. या चोखंदळ नाशिककराच्या घरातलं औषधाचं कपाट उघडून बघू.

वरच्या खणात होमिओपॅथीचं आर्सेनिकम अल्बम ३०. साबुदाण्यासारख्या गोळ्यांची ही बाटली २०२० च्या उन्हाळ्यात घरोघरी आली, बहुतेक वेळा डबीवर नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो घेऊन. ३० ही विरल करण्याची पातळी. म्हणजे मूळ द्रव्याचा एक भाग आणि एकावर साठ शून्यं इतके भाग दुसरं काहीतरी. तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. पहिल्या टप्प्याबद्दलही नाही. फोटोतला माणूस ओळखीचा होता, तेवढं पुरलं. खालच्या खणात काढ्याची पूड. दालचिनी, मिरे, सुंठ किती घालायची याचं प्रमाण प्रत्येक मावशीचं वेगळं, आणि प्रत्येकीच्या मते बाकीच्यांचं चुकीचं. शेजारी वाफ घ्यायचं यंत्र. त्याच्यामागे कोरोनिलचं खोकं, ज्याच्या सोहळ्याला फेब्रुवारी २०२१ मध्ये खुद्द देशाचे आरोग्यमंत्री व्यासपीठावर होते. या सगळ्यांना या घरात विनाचौकशी प्रवेश मिळाला होता. ओळखपत्र मागितलं गेलं ते फक्त लशीकडे.

आणि मग एप्रिल आला.

एप्रिल २०२१ मध्ये हाच नाशिककर रेमडेसिव्हिरची चिठ्ठी हातात घेऊन औषधांच्या दुकानांपुढे उन्हात उभा होता. दवाखान्यात दाखल असलेल्या रुग्णांना रेमडेसिव्हिर देऊ नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच केली होती. ती कुणी वाचली नव्हती, आणि वाचली असती तरी आईला धाप लागलेली असताना ती कोण ऐकणार? एका इंजेक्शनसाठी नेता, पत्रकार, मामेभावाचा साडू असे सगळे फोन लागले. दुसरं इंजेक्शन, म्हणजे लस, जी चाचण्यांतून गेली होती आणि सरकारी केंद्रावर फुकट मिळत होती, तिच्यासाठी मात्र ‘एवढ्या घाईत काढलीय म्हणे’ असा सूर होता.

२१ एप्रिलला महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा थांबला आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. त्यावर या सदरात विनोद नाही.

प्रशासन त्या काळात काय करत होतं, हाही प्रश्न आहे. प्रशासन तिकीट फाडत होतं. मार्चच्या अखेरीस नाशिकच्या मुख्य बाजारपेठांत जायला माणशी पाच रुपयांची पावती सुरू झाली. पावतीची मुदत एक तास. तासाहून जास्त रेंगाळलात तर दंड पाचशे. मेनरोडवर साडीच्या दुकानात एक तासात निवड उरकणारी नाशिककर बाई अजून जन्माला यायची आहे, हे धोरण आखणाऱ्यांना घरून कुणी सांगितलं नसावं. करोना विषाणू एकोणसाठाव्या मिनिटापर्यंत शिस्तीत बसून राहतो आणि साठाव्याला उठतो, हा शोधही नाशिकच्याच नावावर जमा आहे. त्यालाही कुणी तिसऱ्या टप्प्याचे आकडे मागितले नाहीत.

मग मे उजाडला आणि चमत्कार झाला. जी लस मार्चमध्ये संशयास्पद होती ती मिळेनाशी झाली, आणि मिळेनाशी होताच उत्तम ठरली. १ मेपासून अठरा वर्षांवरच्यांना दार उघडलं. दार उघडलं, आत काही नव्हतं. दहाबारा दिवसांत राज्य सरकारने १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवलं, कारण दुसऱ्या डोसवाल्यांनाच पुरत नव्हतं. कोविन संकेतस्थळावर तारीख उघडायची, चार अंक टाकेपर्यंत मिटायची. शहरातली तरुण मंडळी गाड्या काढून तालुक्यांच्या गावांत जाऊन टोचून येऊ लागली, आणि तिथले लोक शहाण्यासारखे बघत राहिले: ज्या सुईला आम्ही घाबरतोय, तिच्यासाठी ही पोरं एवढा घाट चढून आलीत, म्हणजे नक्की काय प्रकार आहे? आशा कार्यकर्त्या महिनोन्‌महिने जे समजावत होत्या ते काम टंचाईने चार दिवसांत केलं.

यात एक गंमत राहिलीच. सीरमच्या कोव्हिशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर आधी चार ते सहा आठवडे होतं, मार्चमध्ये ते सहा ते आठ झालं आणि १३ मे रोजी बारा ते सोळा. अंतर वाढवल्याने लस अधिक चांगली काम करते, याला ब्रिटनमधला पुरावा होता; तो खोटा नव्हता. पण ज्या आठवड्यात साठा संपतो नेमक्या त्याच आठवड्यात विज्ञान ‘अजून थोडं थांबा’ म्हणतं, तेव्हा नाशिककर डोळा बारीक करतो. करू द्या. तो हक्क त्याने पाण्याच्या टँकरपासून कमावलेला आहे.

आणि जून २०२१ मध्ये नाशिकने देशाला दिला तो लोहचुंबक माणूस.

सिडकोतल्या एका ज्येष्ठ नागरिकांनी दुसरा डोस घेतला. नंतर त्यांच्या अंगाला नाणी, चमचे चिकटू लागले. व्हिडिओ निघाला, आणि दोन दिवसांत देशभरच्या वाहिन्यांचे कॅमेरे सिडकोत. त्या गृहस्थांवर मला हसायचं नाही. आपल्या अंगाला चमचा चिकटला तर आपणही घरच्यांना हाक मारून दाखवू. हसायचं ते हातात माईक घेऊन ‘यह देखिए’ म्हणणाऱ्यांवर, ज्यांच्यापैकी कुणालाही स्वतःच्या अंगावर नाणं लावून बघावंसं वाटलं नाही. जूनमधला नाशिकचा दमट उकाडा, अंगाला थोडा घाम, थोडं तेल. गुळगुळीत वस्तू चिकटते. पावडर लावा, पडते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने, म्हणजे अंनिसने, हेच सांगितलं. सरकारच्या सत्यशोधन विभागानेही दावा खोटा असल्याचं जाहीर केलं. पण ‘घाम येतो’ ही बातमी होत नाही.

हिशेब करून बघा. एक डोस अर्धा मिलीलिटर. तो सगळाच्या सगळा शुद्ध लोखंडाचा असता तरी त्याचं वजन चार ग्रॅमच्या आत भरलं असतं. प्रौढ माणसाच्या अंगात तीनचार ग्रॅम लोह तसंही असतंच, आणि तरी आजवर कुणी स्वयंपाकघरातून जाताना कढईला चिकटलेलं नाही. शिवाय टोचतात दंडाला आणि चमचा चिकटतो छातीला, म्हणजे चुंबकाने वाटेत बदली करून घेतली म्हणायची. त्याहून सोपा प्रयोग सांगतो. पाच रुपयांचं पिवळं नाणं घ्या, तेच, ज्यात बाजाराची तासाभराची पावती मिळायची. त्याला फ्रिजच्या दारावरचा चुंबक लावा. चिकटत नाही, ते निकेल-ब्रासचं आहे. आता तेच नाणं घामेजल्या दंडावर दाबा. चिकटतं. लस घेतली असो वा नसो.

त्याच वर्षी डिसेंबरात, साथीमुळे मार्चमधून पुढे ढकललेलं ९४ वं मराठी साहित्य संमेलन नाशिकच्या आडगावला भरलं. अध्यक्ष होते जयंत नारळीकर, तेही प्रकृतीमुळे येऊ न शकलेले. याच नारळीकरांनी अंनिसचे नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर ज्योतिषांची परीक्षा घेतली होती: चाळीस चाळीस कुंडल्या दिल्या, हुशार मुलांच्या कोणत्या आणि मतिमंद मुलांच्या कोणत्या ते ओळखा म्हटलं. सरासरी ४६ टक्के बरोबर आल्या. नाणं उडवलं असतं तर पन्नास आल्या असत्या. नाण्याचा हा उपयोग नाशिकला कुणी शिकवला असता तर जूनमधले दोन दिवस वाचले असते.

लशीची अफवा मात्र नवी नव्हती. हाफकिनने प्लेगची लस मुंबईत तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पुढे पंजाबात लसीकरण सुरू झालं तेव्हा गावोगाव चर्चा होती, की सुई गजभर लांब असते, टोचलं की माणूस जागीच मरतो, नाहीतर सहा महिन्यांनी, पुरुषाचं पौरुष जातं आणि बाई वांझ होते. सव्वाशे वर्षांनी हीच यादी व्हॉट्सॲपवर आली, फक्त गजभर सुईच्या जागी मायक्रोचिप बसली. आपल्या अफवांना बूस्टर डोस लागत नाही. बाकी त्या लोकांना हसण्याआधी हेही लक्षात ठेवायला हवं, की १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लशीची एक बाटली खरोखरच दूषित निघाली आणि १९ जण धनुर्वाताने गेले. आणि आपल्या जिल्ह्यात, भगूरला, लस निघून दोन वर्षं झाल्यावर, १८९९ मध्ये सावरकर बंधूंचे वडील आणि काका प्लेगनेच गेले. भीतीलाही कारण होतं आणि साथीलाही दया नव्हती. दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे आपल्याला तेव्हाही पचलं नाही.

वर्ष सरता सरता समजावणं संपलं आणि दटावणं सुरू झालं. शेजारच्या औरंगाबादेत जिल्हाधिकाऱ्यांनी एकही डोस नसेल तर पेट्रोल नाही, रेशन नाही असा फतवा काढला, आणि केंद्रांवर लगेच गर्दी झाली. दहा महिने विज्ञानाला जे जमलं नाही ते रिकाम्या टाकीने केलं. नाशिकने लस घ्यायची की नाही हे ठरवलं असं जर कुणी म्हणत असेल तर माझा त्याला विरोध आहे. जानेवारीत सरकारच्या अतिउत्साहाने त्याला मागे ओढलं, एप्रिलच्या स्मशानांनी पुढे ढकललं, मेच्या टंचाईने पळवलं, हिवाळ्यात दटावण्याने उरलेलं काम केलं. विचार करून घेतलेला निर्णय या सगळ्यात कुठे होता, तो शोधणाऱ्याला मिसळ माझ्याकडून.

पुरावा हवा असेल तर १५ जुलै २०२२ घ्या. त्या दिवसापासून ७५ दिवस अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना तिसरा डोस सरकारी केंद्रांवर फुकट होता. वशिला नको, पहाटेचा गजर नको. वर्षभरापूर्वी ज्या डोससाठी घाट चढले होते, त्याच्यासाठी लोक जिना उतरले नाहीत.

आणि २०२४ च्या एप्रिलअखेर ब्रिटनच्या न्यायालयातली बातमी आली: आपल्याकडे कोव्हिशिल्ड म्हणून दिलेल्या लशीमुळे अतिशय क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, हे ॲस्ट्राझेनेकाने कागदपत्रांत मान्य केलं. लगेच गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाकाठी, फिरायला येणाऱ्या निम्म्या मंडळींचं डोकं दुखू लागलं. हा त्रास उद्भवला तर लस घेतल्यावर काही आठवड्यांत उद्भवतो. तीन वर्षांनी पेपर वाचून नाही. तरी ‘आमच्यापासून लपवलं’ असा एकमुखी ठराव झाला. लपवलेलं काही नव्हतं. भारतात कोव्हिशिल्डच्या दर दहा लाख डोसमागे गुठळ्यांची ०.६१ प्रकरणं आढळली, हा आकडा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १७ मे २०२१ रोजीच जाहीर केला होता. त्या दिवशी आपण सगळे स्लॉट शोधत होतो.